फेंगच्या आईला जे सांगायचं राहिलं होतं

अमेरिकेतल्या आमच्या वॉसॉ गावात मे महिन्याच्या मध्यात एक दिवस असा येतो की सगळे हमोंग म्हातारे पुन्हा सैनिक होतात. एरवी हीच माणसं बागेत मोहरीची पानं खुडताना, नातवंडांना शाळेच्या बसपर्यंत सोडताना, नाहीतर नदीकाठी गळ टाकून बसलेली दिसतात. त्या दिवशी मात्र हिरवे ठिपक्याठिपक्यांचे युनिफॉर्म कपाटातून निघतात, टोप्या तिरक्या बसतात आणि गुडघे दुखत असले तरी पावलं आपटली जातात. आम्ही हमोंग मूळचे लाओसच्या डोंगरांतले, आणि तिथं ही माणसं अमेरिकेच्या बाजूनं लढली. पण ते युद्ध गुपचूप चाललेलं होतं, त्यामुळे इकडे आल्यावर त्यांना कोणी सैनिक म्हटलंच नाही. युनिफॉर्मसुद्धा ज्याचा त्यानं दुकानातून आणलेला.

माझे सासरे, वामेंग हांग, त्या दिवशी कधीच गेले नाहीत. त्या दिवशी ते गावाबाहेरच्या आमच्या भाजीच्या तुकड्यावर जायचे आणि अंधार पडायच्या बेताला परत यायचे.

मी त्यांना आबा म्हणते. या घरात सून म्हणून आले तेव्हा मला त्यांची भीती वाटायची, कारण ते बोलायचेच कमी. खिडक्या बनवायच्या कारखान्यात त्यांनी आयुष्य काढलं. डावा खांदा वर उचलत नसे. तिथं गोळी लागली होती एवढं सगळ्यांना माहीत होतं. पण गावात त्यांचं नाव होतं ते वेगळ्याच कारणानं. आमच्यात मर्तिक म्हणजे तीन-चार दिवसांचं काम. ढोल, बांबूच्या नळ्यांचं वाद्य, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पंगती. अशा कुठल्याही मर्तिकात सगळ्यात घाणेरडं काम आबांकडे. डुकराची आतडी धुणं, मोठाली पातेली घासणं, कचरा टाकणं. वयानं आणि मानानं त्यांची जागा पुढच्या खुर्च्यांवर, पण ते मागच्या स्वयंपाकघरात, रबरी बूट घालून. लोक म्हणायचे, काय साधा माणूस! मीही तसंच समजत होते.

ज्या वर्षाची गोष्ट सांगते आहे, त्या वर्षी बर्फ वितळायला लागलं होतं तेव्हा शेरतोंग मुआ आमच्याकडे आले. ते आबांचे जुने सोबती, तिकडे कॅप्टन होते, इथं म्हाताऱ्या सैनिकांच्या मंडळाचे पुढारी. तोंडानं भलते फटकळ. स्वयंपाकघरात येऊन बसले, न विचारता ताट ओढून घेतलं आणि मिरचीच्या ठेच्यात डुकराचं मटण बुडवत म्हणाले, "वामेंग, यंदा तुझं काही ऐकायचं नाही. कोर्टाच्या आवारात स्मारकाचा दगड बसवतायत आपल्यासाठी. मेयर येणार, लष्कराचा मोठा साहेब येणार, प्रत्येकाच्या छातीवर मेडल लावणार."

"माझी पँट बसत नाही," आबा म्हणाले.

"माझी तरी कुठे बसते? मागून उसवून रबर लावलंय. फोटो पुढून काढतात रे."

सासूबाई हसल्या. आबा हसले नाहीत.

"खांद्यात गोळी घेतलेला माणूस तू. ज्यांनी नुसत्या बंदुका पुसल्या ते छाती काढून उभे राहतात, आणि तू मुळे लावत बसतोस!"

"मुळे कोण लावणार मग? तू? तुझ्या बागेत गवताशिवाय काही येत नाही."

"विषय बदलू नकोस. का येत नाहीस ते तरी सांग."

आबांनी उठून शेरतोंगांच्या ताटात अजून भात वाढला आणि म्हणाले, "जेव." बस, संपलं.

ते गेल्यावर मी सासूबाईंना विचारलं. त्या शेंगा सोलत होत्या. सोलता सोलताच म्हणाल्या, "पाहुआकाकू या गावात आहेत ना, म्हणून."

पाहुआकाकूंना मी ओळखत होते. नदीपलीकडे लेकीकडे राहणारी छोटीशी, ताठ म्हातारी. मी दवाखान्यात दुभाषी आहे. डॉक्टरांचं हमोंग माणसांना आणि हमोंग माणसांचं डॉक्टरांना सांगते. काकू तिथं ब्लडप्रेशरसाठी यायच्या. माझ्याशी बोलायच्या, पण मी कुणाची सून ते कळल्यापासून माझ्याकडे बघून कधी हसल्या नव्हत्या. माझ्या तेव्हा लक्षात आलं की त्या मर्तिकात पुढच्या दारानं आल्या की आबा मागे स्वयंपाकघरात असायचे. नेहमीच.

सासूबाईंनी सांगितलं ते असं.

फू खाओ नावाच्या डोंगरी गावात आबांचे वडील मुखिया होते. लढाई वाढत गेली तशी वरून मागणी यायला लागली, प्रत्येक घरातून एक माणूस पाठवा. बाप्ये गेले. ते मेले, मग पुन्हा मागणी आली. आता घरात उरली होती ती पोरं. आबा तेव्हा विशीतले, स्वतः शिपाई, लाओ भाषा लिहिता-वाचता येणारे. वडिलांनी हे काम त्यांच्यावर टाकलं. ते दारोदार गेले आणि पोरं बाहेर काढली. कोणी चौदाचं, कोणी तेराचं. बंदूक खांद्याला लावली की दस्ता जमिनीला टेकायचा.

पाहुआकाकूंचा नवरा आधीच मेला होता. तोही हांगच, आबांच्या भाऊबंदांतला, म्हणून काकू. एक लहान मुलगी आणि फेंग नावाचा मुलगा, एवढंच उरलं होतं. फेंग आबांच्या मागे मागे असायचा. दोघं मिळून झाडाच्या फांद्यांना चीक लावून पक्षी धरायचे. आबा पोरं गोळा करतायत हे कळल्यावर काकूंनी फेंगला मक्याच्या माळ्यावर लपवला.

"आणि यांना ते माहीत होतं," सासूबाई म्हणाल्या. "ते घरात शिरले नाहीत, आरडाओरडा केला नाही. अंगणात उभे राहून नुसतं म्हणाले, फेंग, उंबर पिकलाय, हिरवी कबुतरं उतरलीत, येतोस का? आणि पोर उतरून आलं."

त्यांनी पुढची शेंग हातात घेतली, पण सोलली नाही.

फेंग परत आला नाही. आबा परत आले, खांद्याला फडकं बांधून. काकूंच्या दारात जाऊन म्हणाले, "काकू, फेंग गेला." काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. त्यानंतर देश गेला, मेकाँग नदी ओलांडली, थायलंडच्या छावणीत वर्षं गेली, अमेरिका आली. त्या दोघांत दुसरा शब्द झाला नव्हता. एकाच गावात यायची वेळ आली, कारण काकूंच्या लेकीचा नवरा इथं कामाला लागला.

माझ्या डोक्यात ते उंबराचं झाड बसलं. आबांना चहा देताना मला त्यांच्या हातांकडे बघवेना. पण सून म्हणून काय बोलणार? गप्प राहिले.

शेरतोंग मात्र गप्प राहणारे नव्हते. हमोंग किराणा दुकानात उभं राहून त्यांनी ज्याला त्याला सांगितलं, वामेंग हांग येत नाही म्हणतो, गाढवच आहे. ते काकूंच्या कानावर गेलं.

पुढच्या रविवारी दुपारी बेल वाजली. दार उघडलं तर पाहुआकाकू. जाड कोट, डोक्याला रुमाल. त्यांना घेऊन आलेली नात गाडीतच बसून राहिली, फोनवर.

"तुझा सासरा आहे का घरात?"

"आहेत, आजी. या ना."

त्या आल्या, कोट न काढता कोचाच्या कडेला बसल्या. मी पाणी आणलं, त्यांनी हात लावला नाही. आबा मागच्या अंगणात वाफे खणत होते. मी जाऊन सांगितलं तेव्हा त्यांनी कुदळ खाली ठेवली, नळाखाली हात धुतले आणि पुन्हा धुतले. आत आले ते भिंतीला लागून उभे राहिले.

"बस," काकू म्हणाल्या. "तुला मान वर करून बघायला माझी मान दुखते."

आबा जमिनीवर बसले.

"तू जाणार नाहीस म्हणे दगडाला."

"नाही, काकू."

"का?"

"मला मेडल कशाचं घ्यायचं? पोरं मी नेली. ती मेली, मी नाही."

"ते मला माहीत आहे. तू काय केलंस ते मला तुझ्यापेक्षा जास्त माहीत आहे." काकूंचा आवाज वर गेला नाही. "मला वाटायचं, तू लाजेनं येत नाहीस. बरंय, लाजू दे, असं म्हणत आले इतकी वर्षं. परवा माझ्या मनात आलं, हा आला नाही तर फेंगबद्दल बोलणार कोण? शेरतोंग बोलेल. तो स्वतःबद्दलच बोलेल. माझा मुलगा कसा गेला हे माहीत असलेला एकच माणूस जिवंत आहे आणि तो बागेत जाऊन बसतो."

आबा खाली बघत होते.

"मला सांग," काकू म्हणाल्या. "तेव्हा मी दार लावून घेतलं. आज मी स्वतः आले आहे. सांग."

मी उठायला लागले, तर काकू म्हणाल्या, "बस, पोरी. कोणीतरी ऐकलेलं असावं."

आबांनी सांगायला सुरुवात केली. 

शेतं जाळायचे दिवस होते. सगळा डोंगर धुरानं भरलेला. अमेरिकनांचं एक विमान पाडलं गेलं आणि वैमानिक पॅराशूटनं उतरला, पाय मोडून घेतला. आबांच्या तुकडीला हुकूम आला, त्याला शोधा आणि हेलिकॉप्टर येईपर्यंत सांभाळा. तुकडी म्हणजे बहुतेक फू खाओची पोरं. वैमानिक उंच गवतात सापडला. तो वेदनेनं ओरडत होता आणि शत्रू डोंगराच्या खालच्या सोंडेवर आलेला. पोरांनी कडं केलं. हेलिकॉप्टर आलं, आवाज ऐकू येत होता, पण धुरामुळे त्यांना खालचं दिसेना. ते घिरट्या घालून लांब जायला लागलं.

"खूण करायचं भगवं कापड फेंगकडे होतं," आबा म्हणाले. "मी त्याला म्हटलं होतं, जमिनीवर पसर आणि आडवा पड. त्यानं पसरलं होतं. पण गवत उंच. ते लांब जातायत हे बघून तो उठला. तिथं वारुळ होतं मोठं, त्यावर चढला आणि कापड डोक्यावर धरून हलवायला लागला. मी ओरडलो. त्यानं ऐकलं नाही, का ऐकू आलं नाही, मला माहीत नाही, काकू. हेलिकॉप्टर वळलं. त्याला वळलेलं दिसलं. मग त्याला लागली."

"कुठे?"

"पोटात."

काकूंनी डोळे मिटले. "पुढे."

"मी त्याला खाली ओढला, तेव्हा माझ्या खांद्यात बसली. वरून दोर आला, पोरांनी गोऱ्याला बांधून दिला. फेंगनं मला विचारलं, पाहिलं का त्यांनी? मी म्हटलं, पाहिलं. मग तो काही बोलला नाही. थोडा वेळ होता अजून. माझा हात धरून होता."

"रडला?"

"नाही. त्याला तहान लागली होती. पाणी संपलं होतं."

मग आबांचं तोंड वेडंवाकडं झालं. माझ्या लग्नानंतर मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. "मी त्याला आणू शकलो नाही. एक हात चालत नव्हता, आणि ते वर चढत होते. त्याच कापडानं झाकला आणि पळालो. आणि काकू, त्या दिवशी अंगणात मी तुमच्या पोराला खोटं..."

"कबुतरांचं," काकू म्हणाल्या. "माहीत आहे. मी चुलीशी होते. ऐकलं मी."

आबांनी वर पाहिलं.

"ऐकलं, आणि गप्प बसले. शेजारणीची दोन पोरं गेली होती. ती माझ्याकडे बघायची रोज, तुझं अजून घरात आहे म्हणून. आणि अमेरिकनांच्या विमानातून पडायचे ते तांदूळ, ज्यांच्या घरचं कोणी गेलंय त्यांना आधी मिळायचे. माझी मुलगी उपाशी होती. मी ओरडले असते, नको उतरू म्हणाले असते, तर तो उतरला नसता. आईचा शब्द मोडणारा नव्हता तो. मी भात ढवळत राहिले."

आबा पुढे झाले आणि त्यांनी काकूंसमोर गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं. आमच्यात मोठी क्षमा मागायची किंवा मोठे उपकार मानायचे ते असे. पण काकूंनी पाय मागे घेतले.

"ते नको. माफी मागू नकोस, मला ती द्यायची नाही. माझ्याकडे नाहीच ती. तू त्या दिवशी ये, आणि आत्ता सांगितलंस ते सगळ्यांसमोर सांग. गोऱ्यांनाही कळू दे. कबुतरांचंसुद्धा सांग."

त्यांनी आता ग्लासातलं पाणी प्यायलं, सगळं, आणि निघाल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी आबांनी युनिफॉर्म घातला नाही. मर्तिकाला घालतात तो काळा कोट घातला. शेरतोंगांनी बघितलं आणि आपल्या शेजारची खुर्ची पुसून दिली.

कोर्टाच्या आवारात माणसं मावत नव्हती. दगड राखाडी, माणसाच्या छातीइतका, त्यावर आमच्या सैनिकांचे आभार मानणारं एक वाक्य, नावं नाहीत. मेयर बोलले. लष्कराचे पांढऱ्या केसांचे साहेब बोलले. म्हणाले, तुम्ही आमची माणसं वाचवलीत, आणि आम्ही हे खूप उशिरा म्हणतो आहोत. ते मी हमोंगमध्ये सांगितलं, कारण माइकपाशी दुभाषी म्हणून मलाच उभं केलं होतं. मग एकेकाच्या छातीवर मेडल. आबांच्या काळ्या कोटावर लावताना साहेबांनी हात मिळवला, आबांनी मान लववली आणि खाली बसण्याऐवजी ते माइककडे आले. कार्यक्रमात त्यांचं बोलणं नव्हतं. मेयरांच्या मदतनिसानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, थोडं थांबा.

"माझं नाव वामेंग हांग," आबा म्हणाले. "मी फू खाओ गावातून पोरं नेली. त्यांतल्या एकाबद्दल सांगायचंय. त्याचं नाव फेंग हांग. त्याची आई तिथं बसली आहे."

त्यांनी सगळं सांगितलं. उंबर, कबुतरं, माळा, धूर, कापड. एक वाक्य ते बोलायचे, एक मी इंग्रजीत सांगायचे. दवाखान्यात मी लोकांना कॅन्सरची बातमी सांगते. आवाज सांभाळायची सवय आहे मला. पण "पाहिलं का त्यांनी?" इथं मी अडकले. इंग्रजी शब्द सोपे आहेत, ते तोंडातून निघेनात. आबा थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सावकाश, मायसी." मग मी सांगितलं.

ते संपवून आबांनी श्वास घेतला आणि दुसरं नाव घेतलं. मग तिसरं. त्यांनी नेलेली जी जी पोरं गेली त्यांची नावं, बापाच्या नावासकट, आणि कोण कुठे पडलं. काहींचं फक्त, "कुठे गेला मला माहीत नाही. पळताना मागे वळलो तेव्हा नव्हता." खुर्च्यांमधून एक म्हातारी उठली. मग दुसरी. नाव घेतलं गेलं की त्या उभ्या राहत आणि तशाच उभ्या राहत. वेळ कधीच संपून गेली होती. मेयर घड्याळाकडे बघत नव्हते, एवढं मला आठवतं.

नंतर लष्कराचे साहेब माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, त्या वैमानिकाचं नाव यांना माहीत आहे का? मी शोध घेईन.

मी आबांना विचारलं. "नाही," आबा म्हणाले. "नाव विचारायला वेळ कुठे होता? तो ओरडत होता."

काकू शेजारीच होत्या. "काय म्हणतोय तो?"

मी सांगितलं. काकूंनी थोडा विचार केला. "जिवंत असला तर आजोबा झाला असेल आता," त्या म्हणाल्या. "होऊ दे. कोणीतरी झालं."

मी हे साहेबांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, अजून ठरवू शकले नाही.

गर्दी पांगताना काकूंनी आबांना थांबवलं. "फेंगला वाट कोणी दाखवली नाही अजून," त्या म्हणाल्या. "मला मुलगा नाही. भाऊबंद तूच आहेस."

"मी करतो, काकू," आबा म्हणाले.

माणूस गेला की त्याच्या आत्म्याला वाट दाखवावी लागते. तो जिथं जिथं राहिला त्या एकेका गावाचं नाव घेत, आभार मानत, मागे मागे नेत, जन्माला आला त्या घरापर्यंत. तिथं जन्माच्या वेळची त्याची वार पुरलेली असते. ती मिळाली की मग तो पूर्वजांकडे जातो. फेंगला कोणी नेलंच नव्हतं. इतक्या वर्षांनी, शरीराशिवाय, हे कसं करायचं यावर म्हाताऱ्यांमध्ये वाद झाले. कोणी म्हणालं आता उशीर झाला, कोणी म्हणालं असं कधी केलेलं नाही. आबा एरवी असल्या चर्चेत तोंड उघडायचे नाहीत. या वेळी उठून म्हणाले, "चूक झाली तर माझ्या डोक्यावर. करायचं."

सुपात मेलेल्या माणसाचा सदरा ठेवतात, वाकवलेल्या बांबूवर, म्हणजे आत्मा येऊन बसतो. फेंगचा सदरा कुठून आणणार? काकूंनी शिवला. चौदा वर्षांच्या मुलाच्या मापाचा, काळा, बाह्यांना निळी पट्टी. माप घ्यायला त्यांनी तेवढ्याच वयाच्या माझ्या मुलाला बोलावलं, त्याला समोर उभं केलं, खांद्यावर हात ठेवून बघितलं आणि म्हणाल्या, "हा जाड आहे. तो बारीक होता." आणि दोन बोटं कमी केली.

वाट दाखवणारे बुवा आले. मी असली गाणी खूप ऐकली आहेत. इथल्या म्हाताऱ्यांची वाट लांबलचक असते. वॉसॉ, त्याआधी दुसरं एखादं शहर, मग विमान, छावणी, नदी, जंगलातल्या लपायच्या जागा, मग गाव. बुवांचा घसा सुकतो. फेंगच्या वाटेत दोनच ठिकाणं होती. ते धुरानं भरलेलं डोंगराचं टोक, आणि फू खाओ. गाणं सुरू झालं आणि लगेच गावाशी पोचलं. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. आबा सुपाजवळ गुडघ्यांवर होते, मुलानं किंवा भावानं बसायचं तिथं. काकू बायकांत बसल्या होत्या. त्या वेळी त्या रडल्या, मोठ्यानं, आमच्या बायका रडतात तशा सूर लावून, आणि कोणी त्यांना थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी डुक्कर कापलं, पंगती उठल्या. आबा सवयीनं बूट घालायला मागे गेले, तर शेरतोंगांनी त्यांचा दंड धरला. "आज यजमान आहेस तू. पुढे बस, आणि लोकांना दारू पाज. भांडी मी घासतो." आणि खरंच घासली, वाईट घासली, मी पुन्हा घासून काढली.

काकू त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात गेल्या. मधल्या काळात आबा त्यांना दवाखान्यात घेऊन यायचे. गाडीत दोघं फारसं बोलत नसत. बोलले तर भाजीवरून भांडण. काकू म्हणायच्या, तुझी मोहरी कडू आहे, तुला खत घालता येत नाही. आबा पुढच्या वेळी दुसरी जुडी आणायचे, तीही कडूच निघायची. माफीचा शब्द पुन्हा कधी निघाला नाही, निदान माझ्यासमोर तरी. त्यांच्या मर्तिकात आबांनी मुलाच्या जागी उभं राहून आलेल्या प्रत्येकापुढे गुडघे टेकले. डावा हात वर जात नव्हता, म्हणून माझा नवरा सेंग त्यांना प्रत्येक वेळी उठवत होता.

त्या मे महिन्यानंतर दुसऱ्या गावांतून फोन यायला लागले. ग्रीन बे, अ‍ॅपल्टन, मिनेसोटातून. म्हाताऱ्या बायका, नाहीतर त्यांच्या मुली. अमक्याचा मुलगा तमका, तुमच्याबरोबर होता का? आबा माहीत असेल ते सांगतात. फोनवर नाही, जाऊन सांगतात. सेंग गाडी चालवतो, मी सोबत जाते. बऱ्याच जणी जेवायला वाढतात. काही नुसत्या ऐकून घेतात.

गेल्या उन्हाळ्यात अ‍ॅपल्टनला एका आजींकडे गेलो होतो. त्यांच्या मुलीनं बोलावलं होतं, आजींना आधी सांगितलं नव्हतं. त्यांनी दार उघडलं, आबांनी स्वतःचं आणि गावाचं नाव सांगितलं. आजी काही क्षण बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू होय," आणि दार लावून घेतलं. आतून मुलीचा आवाज येत होता, आई, आई, ऐक तर.

सेंग चिडला. "इतक्या लांबून आलो, निदान पाणी तरी..."

"चालायचंच," आबा म्हणाले. "त्यांची मर्जी."

ते तिथं पायरीवर बसले, काठी गुडघ्यांत धरून. ऊन कलत होतं. आम्ही गाडीपाशी उभे राहिलो. बराच वेळ गेल्यावर दार पुन्हा किलकिलं झालं, पण कोणी बाहेर आलं नाही, आणि कोणी ते बंदही केलं नाही. आबा उठले, टोपी काढली आणि उघड्या फटीकडे तोंड करून त्यांनी सांगायला सुरुवात केली.